लॉकडेपने बोंब मारली, पण डेडलॉक खरंच आहे का? हे असं बघा

लॉकडेप म्हणजे लिनक्स कर्नलमधे लॉक कुठल्या क्रमाने घेतली जातात ते तपासणारं टूल, आणि डेडलॉक म्हणजे दोघांनी एकमेकांनी धरलेल्या लॉकची वाट बघत कायमचं अडकणं. कर्नल प्रूव्ह लॉकिंग (लॉकडेपची तपासणी सुरू करणारी सेटिंग) चालू करून बिल्ड केला की कधीतरी लॉगमधे "पॉसिबल सर्क्युलर लॉकिंग डिपेंडन्सी डिटेक्टेड" असा रिपोर्ट येतोच, खाली दोन सीपीयूचं छोटं चित्र आणि त्याच्याखाली स्टॅक ट्रेसचा (कुठलं फंक्शन कुठून बोलावलं गेलं त्या याद्यांचा) ढीग. मग कोणी घाबरून लगेच पॅच लिहायला बसतं, कोणी म्हणतं "पॉसिबल लिहिलंय ना, मशीन तर मस्त चालतंय". हे मशीन चालतंय वालं कारण मात्र अजिबात चालत नाही. लॉकडेप (इंगो मोल्नारचं काम, २००६ मधे २.६.१८ मधे आलं) डेडलॉक व्हायची वाट बघतच नाही, एका ठिकाणी अ घेऊन ब घेतलं आणि दोन तासांनी भलतीकडेच ब घेऊन अ घेतलं की तेवढ्यावर तो ओरडतो. म्हणजे मशीन अडकलं नाही याने काहीच सिद्ध होत नाही.

आधी लॉग वरून वाचा, खालून नाही. पहिला रिपोर्ट दिला की लॉकडेप स्वतःला बंद करून घेतो, त्यामुळे एका बूटमधे एकच रिपोर्ट मिळतो आणि नंतरची शांतता म्हणजे बाकी सगळं ठीक असं समजू नका. प्रॉक मधल्या लॉकडेप_स्टॅट्स फाइलमधे डिबग_लॉक्स ० दिसलं तर तो झोपलाय, रीबूट करा.

मग ट्रेस. त्याच बिल्डचं व्हीएमलिनक्स (बिल्डमधून निघणारी कर्नलची फाइल) घेऊन कर्नलच्या स्क्रिप्ट्स फोल्डरमधली डीकोड_स्टॅकट्रेस चालवा म्हणजे लाइन नंबर मिळतात. कुठल्या लॉकमागून कुठलं लॉक घेतलं ती साखळी उलट्या क्रमाने छापलेली असते, शून्य नंबरचा ट्रेस म्हणजे आत्ता चाललेला कॉल. आणि एक गोष्ट मला कळायला फार वेळ लागला: प्रत्येक ट्रेस दुसरं लॉक घेतानाचा असतो, पहिलं कुठे घेतलं होतं ते तुम्हालाच फंक्शनमागून फंक्शन वर चढत शोधायचंय. कागदावर दोन रकाने करा, डावीकडे एक रस्ता, उजवीकडे दुसरा. डोक्यात करू नका, गोंधळ होतो.

आता खरी मेख. लॉकडेप एकेक लॉक बघत नाही, लॉकचा क्लास बघतो. कोडमधे एकाच जागी इनिशलाइझ झालेली हजार म्यूटेक्स (एका वेळी एकालाच धरता येणारी, बाकीच्यांना झोपून वाट बघायला लावणारी लॉक) त्याच्यासाठी एकच. म्हणून "पॉसिबल रिकर्सिव्ह लॉकिंग" आलं की आधी छापलेले दोन लॉकचे मेमरीतले पत्ते बघा. पत्ता एकच असेल तर विषय संपला, आपणच धरलेल्या म्यूटेक्सची आपणच वाट बघतोय. पत्ते वेगळे असतील तर विचारा, या दोघांत आधी कोण हे कुठल्या नियमाने ठरतं? डिरेक्टरीत आधी आई मग मूल असा नियम आहे, दोन पाइप एकदम लॉक करताना कमी पत्त्याचा आधी. असा नियम कोडमधे खरंच पाळला जात असेल तर रिपोर्ट खोटा, म्यूटेक्स_लॉक_नेस्टेड वापरून लॉकडेपला तसं सांगा. नियमच नसेल तर एक थ्रेड क मग ख घेईल, दुसरा ख मग क, आणि बग शंभर टक्के खरा. अशा वेळी नेस्टेड लावणं म्हणजे स्मोक अलार्मची बॅटरी काढणं, आणि लोक हेच सगळ्यात जास्त करतात.

क्लास वेगवेगळे असतील तर प्रश्न असा की हे दोन रस्ते एकाच वेळी धावू शकतात का. एक रस्ता फक्त प्रोबमधे (ड्रायव्हर डिव्हाइसला जोडला जातो तेव्हा), ऑब्जेक्ट अजून कोणाला दिसतही नाही तेव्हाचा असेल तर बहुतेक खोटा. पण "फक्त इनिटमधेच (सुरुवातीच्या तयारीतच) होतं" यावर पटकन विश्वास ठेवू नका, सस्पेंड-रिझ्यूम, मॉड्यूल काढून परत टाकणं, एरर पाथ हे सगळं उघडून बघा, एरर पाथमधेच भुतं असतात.

रिपोर्टमधे वर्क_कम्प्लीशन असं काहीतरी दिसलं की बरेच जण म्हणतात हे तर लॉकच नाही, खोटा रिपोर्ट. उलट हा प्रकार बहुतेक वेळा खरा निघतो. तुम्ही म्यूटेक्स धरून कॅन्सल_वर्क_सिंक म्हणताय, म्हणजे ते वर्क (मागे वेगळ्या थ्रेडवर चालायला सोपवलेलं काम) संपायची वाट बघताय, आणि वर्क आत तेच म्यूटेक्स मागतंय. दोघंही बसले.

इंटरप्टवाल्या रिपोर्टमधे, म्हणजे "इन्कन्सिस्टंट लॉक स्टेट", लॉकडेपने ते लॉक इंटरप्टमधे घेतलेलं प्रत्यक्ष पाहिलेलं असतं, तिथे वाद घालण्यात फार अर्थ नाही. हेच स्टॅटिक टूलने (कोड न चालवता नुसता वाचून तपासणाऱ्या) सांगितलं असेल तर मात्र इंटरप्ट हँडलर थ्रेडेड आहे का, म्हणजे वेगळ्या थ्रेडमधे चालतो का, ते बघा. साधा टायमर कॉलबॅक सॉफ्टआयआरक्यूमधे (इंटरप्टनंतर लगेच उरकायच्या कामात) चालतो, तर त्याच स्पिनलॉकसाठी (न झोपता फिरत वाट बघणारं लॉक) प्रोसेस बाजूला, म्हणजे साध्या थ्रेडमधल्या कोडमधे, सॉफ्टआयआरक्यू थांबवून लॉक घेणारं स्पिन_लॉक_बीएच हवं, नुसतं स्पिन_लॉक असेल तर बग खरा.

स्मॅचसारखं स्टॅटिक टूल "अनलॉक राहिलं" म्हणालं तर फंक्शन मुद्दाम लॉक धरून परत येतंय का, ट्रायलॉक (मिळालं तर घे, नाहीतर वाट न बघता परत ये) आहे का, हे बघितलं की पाच मिनिटात निकाल लागतो.

तरी खात्री नसेल तर क्यूएमूमधे (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रोग्राममधे) किमान दोन सीपीयू देऊन दोन्ही रस्त्यांत पहिल्या आणि दुसऱ्या लॉकच्या मधे उशीर घाला (म्यूटेक्स असेल तर एमस्लीप, स्पिनलॉक असेल तर एमडिले) आणि दोन्ही एकदम चालवा. म्यूटेक्स अडकलं तर डीफॉल्ट सेटिंगला १२० सेकंदांनी हंग टास्कचा (टास्क अडकलंय असा) मेसेज येऊ लागतो. तेव्हा सिस्‌आरक्यू डी (थेट कर्नलला हुकूम देणाऱ्या कीचं एक कॉम्बिनेशन) दाबून कोणी काय धरलंय बघायला जाल तर लॉकडेप बंद आहे असं उत्तर मिळेल, कारण तो आधीच ओरडून झोपलेला असतो, त्याऐवजी अडकलेले टास्क दाखवणारं सिस्‌आरक्यू डब्ल्यू घ्या. आणि अडकलं नाही तरी कागदावरचे दोन रकाने खोटे ठरत नाहीत, पॅचच्या मेसेजमधे तेच दोन रकाने टाका, रिव्ह्यू करणारा पहिलं तेच मागतो.