जनुककुलाचा (एकाच मूळ जनुकाच्या प्रतींतून झालेल्या जनुकांच्या गटाचा) वंशवृक्ष काढताय? या चुका टाळा

माणसाचं अल्फा ग्लोबिन आणि उंदराचं बीटा ग्लोबिन (ग्लोबिन म्हणजे रक्तातल्या हिमोग्लोबिनची प्रथिनं) यांची जनुकं शेजारी ठेवून, फरक मोजून, ‘माणूस आणि उंदीर कधी वेगळे झाले’ असं विचारलं तर उत्तर कोट्यवधी वर्षांनी चुकतं. ही दोन जनुकं एकाच जनुकाच्या प्रती, आणि त्यांची फारकत साधारण 45 ते 50 कोटी वर्षांपूर्वीची. तेव्हा सस्तन प्राणी नव्हतेच. म्हणून प्रजाती फुटल्यामुळे वेगळी झालेली जनुकं (ऑर्थोलॉग) आणि प्रत निघाल्यामुळे वेगळी झालेली (पॅरालॉग) आधी निवडून घ्या. सर्वाधिक साम्य दिसलं म्हणजे ऑर्थोलॉगच, असं नाही. खरा जोडीदार एखाद्या प्राण्यातून गळालेला असू शकतो. दोन्ही प्राण्यांत शेजारची जनुकं तीच आहेत का, ते बघा.

साम्यावरून वय काढणं हीसुद्धा अशीच फसगत, आणि माझ्या मते सगळ्यात चिवट. माणसाच्या दोन गॅमा ग्लोबिनांत 136व्या जागी एकात ग्लायसिन हे अमिनो आम्ल, दुसऱ्यात ॲलनिन. बाकी जवळपास सारखीच. वाटतं, प्रत कालपरवाची. पण ती माकडांच्या पूर्वजातली आहे! एका प्रतीचा मजकूर दुसरीवर अधूनमधून उतरत राहतो (जीन कन्व्हर्जन) आणि साचलेला फरक पुसला जातो. अख्ख्या जनुकाचा एकच वृक्ष काढू नका. तुकड्यातुकड्यांचे काढा, दोन तुकडे वेगळी नाती सांगू लागले की संशय घ्या.

प्रत निघाली म्हणजे तिला नवं काम मिळालंच, हे तर सोडूनच द्या. बहुतेक प्रती मरतात. वास ओळखणारी आपली सुमारे 400 जनुकं चालू आहेत आणि जवळपास तितकीच मोडकी.

नैसर्गिक निवड शोधताना लोक प्रथिन बदलणाऱ्या आणि न बदलणाऱ्या उत्परिवर्तनांच्या दरांचं गुणोत्तर अख्ख्या जनुकावर काढतात. 1 पेक्षा जास्त म्हणजे नवे बदल निवडीनं उचलून धरले; ते 1 पेक्षा कमी आलं की ‘अशी निवड नाही’ म्हणून मोकळे. आपल्या लाल आणि हिरव्या ऑप्सिनमध्ये (डोळ्यातल्या, रंग टिपणाऱ्या प्रथिनांमध्ये) 364 अमिनो आम्लं आहेत, पण रंगातला बराचसा फरक 180, 277 आणि 285 या तीन जागांवर ठरतो. सरासरीत त्या बुडणारच. उलट, प्रत निघाल्यानंतर गुणोत्तर 1 कडे सरकलं तर ती निवड नसून निवडीची नुसती ढिलाईही असू शकते.

आणि प्रती मोजण्याआधी असेंब्ली (डीएनएचे वाचलेले छोटे तुकडे, म्हणजे रीड्स, जोडून बनवलेला जीनोम) तपासा. हुबेहूब प्रती तिथे एकात मिटतात. त्या जागी रीड्स दुप्पट दिसले तर जनुकं बहुधा दोन आहेत.