पत्रकारिता शिकायची आहे, पण फी झेपेल असे महाविद्यालय कसे शोधावे?

गोव्यात बारावीचा निकाल लागला की आमच्या बातम्यांच्या डेस्कवर फोन सुरू होतात. "मुलीला पत्रकार व्हायचंय, एखादं स्वस्त कॉलेज सुचवा." मी उलट विचारतो, स्वस्त म्हणजे किती? मग समजते, की पलीकडच्या माणसाने फक्त फी मोजली आहे. त्यामुळे महाविद्यालयांची यादी करण्याआधी कागद आणि पेन घेऊन बसा.

1. आधी पूर्ण खर्च मांडा

समजा, घर वाळपईला आणि कॉलेज म्हापशाला. रोज जाऊन-येऊन करायचे तर बसभाडे आणि दिवसाचे तीन-चार तास. खोली घेतली आणि भाडे महिना 5,000 रुपये धरले, तर दहा महिन्यांचे 50,000 आणि तीन वर्षांचे दीड लाख, तेही जेवणाखेरीज. म्हणजे ज्या दूरच्या कॉलेजची फी वर्षाला 20,000 ने कमी आहे, ते प्रत्यक्षात महाग पडते. नवीन शैक्षणिक धोरणानुसार पदवी तीन वर्षांत घेता येते, चौथे वर्ष ऑनर्सचे. चौथ्या वर्षाचा हिशेब वेगळा ठेवा. आणि कॅमेरा पहिल्या वर्षी घेऊ नका. हातातला मोबाइल पुरतो.

2. अनुदानित की स्वयंअर्थसहाय्यित?

इथे बरेच पालक फसतात. कॉलेज अनुदानित, म्हणजे सरकारी मदतीवर चालणारे असते, पण त्यातला मास कम्युनिकेशनचा (जनसंचाराचा) अभ्यासक्रम स्वयंअर्थसहाय्यित, म्हणजे मुलांच्या फीवर चालणारा असू शकतो. छप्पर एक, कँटीन एक, पण नेहमीच्या बीएची फी वेगळी आणि याची भलतीच. त्यामुळे ऑफिसात "कॉलेज अनुदानित आहे का" असे न विचारता "हा अभ्यासक्रम अनुदानित आहे का" असे विचारा. सोबत दुसऱ्या वर्षातला एखादा विद्यार्थी गाठून त्याची गेल्या वर्षीची पावती पाहा. स्टुडिओ, उपकरणे, 'इतर' या नावांखालच्या रकमा माहितीपत्रकात दिसत नाहीत, पावतीवर दिसतात.

पदवी कोणत्या विद्यापीठाची मिळणार, तेही त्याच वेळी लेखी घ्या. चकचकीत पाटी लावलेल्या खासगी संस्थेच्या प्रमाणपत्रावर विद्यापीठाचे नाव नसेल, तर ती फी स्वस्त असली तरी महागच.

3. पदवी पत्रकारितेचीच हवी का?

माझे मत विचाराल तर, नाही. म्हापशाच्या सेंट झेवियरसारख्या महाविद्यालयात हा विषय शिकता येतो आणि घर जवळ असेल तर जरूर शिकावा. पण पैशांची ओढाताण असेल तर दुसरी वाट धरा: घराजवळच्या सरकारी महाविद्यालयात राज्यशास्त्र, अर्थशास्त्र किंवा मराठी घेऊन पदवी, आणि त्यानंतर पत्रकारितेची पदविका. साखळी, खांडोळा, केपे, पेडणे तालुक्यात विर्नोडा, सगळीकडे सरकारी महाविद्यालये आहेत. अर्थसंकल्प वाचता येणारा आणि ग्रामसभेत काय शिजतेय ते कळणारा मुलगा आम्हाला हवाच असतो. मथळा कसा द्यायचा ते सहा महिन्यांत शिकवता येते.

पदविकेसाठी मराठी मुलांकडे चांगले पर्याय आहेत. 1965 साली दिल्लीत सुरू झालेल्या भारतीय जनसंचार संस्थेचे अमरावतीला केंद्र आहे आणि तिथे मराठी पत्रकारितेची पदव्युत्तर पदविका मिळते. पुणे विद्यापीठाचा पत्रकारिता विभाग, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेले रानडे, आणि मुंबई विद्यापीठाची गरवारे संस्था, हेही पाहा. नोकरी करत शिकायचे असेल तर इग्नू या मुक्त विद्यापीठाची पदविका घरी राहून करता येते.

4. स्वतः जाऊन पाहा

दोन वर्षांपूर्वी मी भाचीबरोबर एका कॉलेजात गेलो होतो. माहितीपत्रकात 'अद्ययावत स्टुडिओ' असे छापले होते. चावी शिपायाकडे, शिपाई जेवायला गेलेला. अर्ध्या तासाने दार उघडले. हिरवा पडदा, एसी, खुर्च्या, सगळे जागेवर. भाचीने कॅमेऱ्याचे बटण दाबून पाहिले तर बॅटरी मेलेली, आणि चार्जर कुणाच्या कपाटात आहे ते कुणालाच ठाऊक नव्हते. मग मी विद्यार्थ्यांनी काढलेला सरावाचा अंक मागितला. मिळाला तो तीन वर्षांपूर्वीचा, त्यातही पहिले पान प्राचार्यांच्या मनोगताचे. आम्ही चहा घेऊन परत आलो.

तुम्हीही तेच करा. विद्यार्थ्यांचा शेवटचा अंक मागा आणि त्यावरची तारीख बघा. त्यात गावातली, प्रत्यक्ष जाऊन केलेली एक तरी बातमी आहे का? प्रशिक्षणासाठी मुलांना कुठे पाठवतात? आकाशवाणीचे पणजी केंद्र आहे, दैनिके आहेत, 2004 पासून नोव्हेंबरात इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव गोव्यात भरतो. एवढे हाताशी असताना 'पाहू, करू' असे उत्तर मिळाले, तर तिथे वेळ घालवू नका.

5. भाषेचे विचारून घ्या

गोव्यात पत्रकार परिषद कोकणीत होते, प्रेस नोट इंग्रजीत येते आणि 'नवप्रभा' किंवा 'गोमन्तक'च्या वार्ताहराने बातमी मराठीत लिहायची असते. भाषांतराचा सराव करून घेणारा शिक्षक तिथे आहे का, हे स्टुडिओपेक्षा महत्त्वाचे.

6. पैशांची सोय

गोवा शिक्षण विकास महामंडळ बिनव्याजी शैक्षणिक कर्ज देते. पर्वरीच्या उच्च शिक्षण संचालनालयाची बर्सरी, म्हणजे आर्थिक मदतीची योजना आहे, अनुसूचित जमातीच्या मुलांसाठी आदिवासी कल्याण खात्याची गगन भरारी योजना आहे. तुमच्या अभ्यासक्रमाला कोणती लागू पडते, ते त्या त्या खात्यात जाऊन विचारा. प्रवेश घेताना मूळ प्रमाणपत्रे कॉलेजकडे ठेवून देऊ नका. पडताळून लगेच परत द्यावीत, असा विद्यापीठ अनुदान आयोगाचा 2018 चा नियम आहे.

रहिवासी आणि उत्पन्नाच्या दाखल्यांसाठी मामलेदार कचेरीत निकालाची वाट न पाहता एप्रिलमध्येच जा. जूनमध्ये तिथली रांग जिन्यावर येते.