स्फोटप्रवण क्षेत्रातील कंट्रोल रूममध्ये दाब कसा राखावा

पेट्रोकेमिकल कारखान्यातील ज्वालाग्राही वायूंच्या क्षेत्रात असलेल्या कंट्रोल रूममध्ये बाहेरच्यापेक्षा किमान 25 पास्कल, म्हणजे पाण्याच्या स्तंभात मोजल्यास जेमतेम अडीच मिलिमीटर, जास्त दाब सतत राखावा, म्हणजे बाहेरचा वायू आत शिरत नाही. त्यासाठी ब्लोअरने (हवा आत ढकलणाऱ्या पंख्याने) हवा सुरक्षित जागेतूनच ओढावी. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने तो हाताळला जातो तिथे ही हवा आणणाऱ्या डक्टचे तोंड उंचावर ठेवून त्यात गॅस डिटेक्टर बसवावा. दाब गेल्यास, विजेचे पॅनेल पुन्हा चालू करण्यापूर्वी खोलीतील हवा पूर्ण बदलून वायू नसल्याची खात्री मीटरने करावी. केबल ट्रेंचकडे (केबल टाकलेल्या चराकडे) हमखास दुर्लक्ष होते, म्हणून भिंतीतून केबल आत येते तिथली प्रत्येक फट सील करावी. दाब तपासण्यासाठी दरवाजा किंचित उघडून फटीशी कागदाची पट्टी धरावी. ती बाहेरच्या बाजूला झुकली नाही, तर ब्लोअरच्या हिरव्या दिव्यावर विसंबू नये.