काठी, वॉकर, व्हीलचेअर: या चुका टाळा

आमवात, गुडघ्यांची झीज, पार्किन्सन (कंपवात), मल्टिपल स्क्लेरॉसिस (मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार). आजार कुठलाही असो, घरोघरी एक वाक्य हमखास ऐकू येतं: "अजून काही काठीची वेळ आलेली नाही." बहुतेकांच्या हिशेबी ती वेळ पडून हाड मोडल्यावरच येते.

वेळ येण्याची वाट पाहणं

वेळ कधीच येऊन गेलेली असते, फक्त तिच्याकडे कुणी बघत नाही. स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत येताना ओटा, फ्रीज, दाराची चौकट असे टेकू घेणं. जिना उतरताना दोन्ही हातांनी कठडा धरणं. भाजी आणायचं काम हळूच दुसऱ्यावर ढकलणं. आणि कार्याचं आमंत्रण आलं की "तुम्ही जाऊन या, मी घर सांभाळते."

माझ्या आत्याला बऱ्याच वर्षांपासून आमवात आहे. एका लग्नात तिने काठी मुद्दाम गाडीतच ठेवली, कारण चार लोक विचारतील. पायऱ्या चढून ती हॉलमध्ये आली आणि पंख्याखालच्या खुर्चीत बसली ती बसलीच. अक्षता बसल्या जागेवरून टाकल्या, ताटही तिथेच मागवलं. "काय गं, बरं नाही का?" हा प्रश्न तिला दिवसभर ऐकावा लागला. काठी लपवून चौकशा काही टळल्या नाहीत, लोकांना भेटणं मात्र राहून गेलं.

"सवय लागेल, पाय आणखी कमजोर होतील" ही भीती खरी वाटते, पण स्नायू गळतात ते न चालल्याने. आधार नाही म्हणून घरात बसलेला माणूस काठी घेऊन चौकापर्यंत जाणाऱ्यापेक्षा लवकर थकत जातो.

माळ्यावरची आजोबांची काठी वापरणं

काठी उंच असेल तर खांदा वर चढतो, बुटकी असेल तर पाठ वाकते. मग "काठी घेतल्यापासून कंबर धरली" म्हणून ती कोपऱ्यात जाते. माप सोपं आहे. नेहमीची चप्पल घालून ताठ उभं राहा, हात सैल सोडा. मूठ मनगटाच्या घडीशी यायला हवी. मूठ धरल्यावर कोपर किंचित वाकलेलं राहतं. आपण घरात अनवाणी असतो, त्यामुळे जाड तळव्याची चप्पल वापरणाऱ्यांनी उंची बदलता येणारी काठी घरात एक भोक कमी करून पाहावी.

खालचं रबरी बूच गुळगुळीत झालं की लगेच बदला. मोरीपाशी ओल्या फरशीवर झिजलेलं बूच काठी नसण्यापेक्षा धोक्याचं.

दुखऱ्या पायाच्या बाजूला धरणं

ही चूक जवळजवळ सगळेच करतात. उजवा गुडघा दुखतो, तर काठी डाव्या हातात हवी, आणि ती उजव्या पायाबरोबरच पुढे पडायला हवी. एका पायावर उभं राहिलं की त्या बाजूच्या खुब्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच-तीन पट भार येतो, कारण कंबर तोलून धरायला तिथले स्नायू जोर लावतात. विरुद्ध हातातली काठी त्या स्नायूंचं काम हलकं करते. जिना चढताना चांगला पाय आधी. उतरताना काठी आणि दुखरा पाय आधी.

दुकानात दिसेल ते उचलणं

आमवातात बोटं आणि मनगटंही सुजतात. अशा हातांना बारीक, गोल मूठ म्हणजे शिक्षाच. रुंद, तळहाताला टेकणारी मूठ घ्यावी; हात फारच दुखत असतील तर कोपरापासूनचा हात टेकवता येईल असा वॉकर मिळतो. चार पायांची काठी भक्कम वाटते, पण चाळीच्या अरुंद पायरीवर तिचे चारही पाय टेकत नाहीत. पार्किन्सनमध्ये दर पावलाला उचलून ठेवायचा वॉकर चालण्याची लय मोडू शकतो. म्हणून खरेदीआधी फिजिओथेरपिस्टसमोर चालून दाखवा.

बऱ्या दिवशी घरी ठेवणं

हे आजार रोज सारखे नसतात. सकाळी पाय हलके असतात आणि दुपारी बँकेच्या रांगेत उभं राहवत नाही. घडीची काठी पिशवीत मावते, ती बरोबर असू द्या.

व्हीलचेअरचंही तेच. चार पावलं चालता येतात म्हणून विमानतळावर किंवा मोठ्या इस्पितळात ती मागायचीच नाही, असं कुठेय? तिथली तंगडतोड वाचली तर संध्याकाळी नातवाशी खेळायला अंगात त्राण उरतं. खुर्चीतून उठून उभं राहणाऱ्याकडे संशयाने बघणाऱ्यांना घरच्यांनीच उत्तर द्यावं; आजारी माणसावर ते ओझं टाकू नये.

"आपण कुठे दिव्यांग?" म्हणून हक्क सोडणं

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत; त्यांत पार्किन्सन आणि मल्टिपल स्क्लेरॉसिसही येतात. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत 65 वर्षं पूर्ण झालेल्या आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 2 लाखांच्या आत असलेल्या पात्र ज्येष्ठांना काठी, वॉकर, व्हीलचेअर यांसारख्या साधनांसाठी एकरकमी 3,000 रुपये देण्याची तरतूद आहे. चौकशी समाजकल्याण कार्यालयात करा.