जुन्या क्लासिकला एफआय: आधी वायर, मग पेट्रोल

माझी रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० २०१३ ची. घर वेंगुर्ल्याच्या बंदराजवळ, म्हणजे गाडीला बारा महिने खारं वारं. पावसाळ्यात चार दिवस उभी राहिली की कार्ब्युरेटरच्या वाटीत पाणी, जेटवर पांढरट थर आणि सकाळी किकची कसरत. कार्ब्युरेटर काढून एफआय (फ्युएल इंजेक्शन, म्हणजे दाबाखालचं पेट्रोल मोजून फवारणारी यंत्रणा) बसवायला मी गाडी खोलायला काढली तेव्हा काका अंगणातूनच म्हणाले, "गाडी चलता मां? मग कित्याक हात लावतंस?" तसं बरोबरच होतं त्यांचं. कार्ब्युरेटर साफ करायला अर्धा तास लागतो. अॅव्हरेज वाढेल आणि खर्च निघेल म्हणून एफआय करणार असाल तर राहू द्या, तो हिशोब जुळत नाही.

आणखी एक गोष्ट स्पॅनर उचलण्याआधी. मूळ रचनेत बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. आरटीओ आणि विमा, दोन्हीकडे आधी विचारा.

सुटं किट जमवण्यापेक्षा एकाच गाडीचा पूर्ण संच घ्या. धुराच्या प्रदूषणाचे बीएस-६ नियम १ एप्रिल २०२० पासून लागू झाले, त्याच सुमाराला हीच ३४६ सीसीची क्लासिक एफआय होऊन आली. २०२१ मध्ये निघालेली नवी क्लासिक ३४९ सीसीची, तिचं इंजिनच वेगळं, ते पार्ट घेऊन फसू नका. अपघातात गेलेली ३४६ सीसीची एफआय मिळाली तर कागद बघून घ्या: थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग), ईसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर), पूर्ण वायरिंग, पंपासकट टाकी, ऑक्सिजन सेन्सरसकट बेंड पाइप, इंजिनाच्या तापमानाचा सेन्सर, गाडी आडवी पडल्यावर इंजिन बंद करणारा सेन्सर आणि मॅग्नेट-स्टेटर (इंजिनाबरोबर फिरून वीज तयार करणारी जोडी). मॅग्नेट लोक विसरतात. ईसीयू क्रँक सेन्सरकडून मॅग्नेटवरचे दात मोजतो, मधली मोकळी जागा ओळखतो आणि त्यावरून पेट्रोल कधी सोडायचं, ठिणगी कधी पाडायची ते ठरवतो. जुन्या मॅग्नेटवर त्याला मोजण्यासारखं काही सापडत नाही. जुना टीसीआयही (ठिणगीची वेळ ठरवणारा डबा) यात बाद होतो.

थ्रॉटल बॉडी बसवणं सोपं, त्यावर शब्द घालवत नाही. फक्त इनटेकचं रबर नवं टाका आणि कंपनीने लावलेला स्टॉप स्क्रू फिरवू नका. आयडलिंग आता ईसीयू सांभाळतो.

पेट्रोलच्या कामाला बॅटरीची निगेटिव्ह काढूनच हात घाला, तेही उघड्यावर. कार्ब्युरेटरला पेट्रोल टाकीतून आपोआप उतरायचं. इथे पाइपात साधारण ३ बार दाब असतो. साधी रबरी नळी आणि जुबली क्लिप इथे चालत नाही. इंजेक्शनसाठीचीच नळी आणि रबरात न रुतणारे क्लॅम्प लावा. सगळं जोडलं की बॅटरीची निगेटिव्ह परत लावा, इंजिन सुरू न करता चावी तीनदा चालू-बंद करा आणि प्रत्येक सांध्याखाली कोरडा कागद धरा. कागदावर ओला ठिपका दिसला तर पुन्हा खोला.

आता वायरिंग. आपल्याकडे हे काम फसतं ते इथेच. माझंही फसलं. जुलैत आंबोली घाटात, धबधब्याच्या थोडं अलीकडे, गाडी गप्प झाली. चावी फिरवली की पंप दोन-तीन सेकंद 'झुंई' करतो, तो आवाजच नव्हता. धुक्यात तासभर शोधल्यावर अर्थचा लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) सापडला. तो मी फ्रेमच्या रंगावरच आवळला होता. कडेने पाणी शिरून आत हिरवट गंज धरला होता. खिशातल्या चाकूने रंग खरवडून चकचकीत लोखंड काढलं, लग घासून परत आवळला, तेव्हा पंप बोलला. ईसीयूची आणि पंपाची अर्थ खरवडलेल्या लोखंडावर घ्या, वरून ग्रीस लावा. प्रत्येक कपलरमध्ये डायइलेक्ट्रिक ग्रीस भरा, वायर पिळून टेप मारू नका. कपलरच्या आधी वायरला खाली झोळ ठेवा, म्हणजे पाणी तिथूनच गळून जातं. होडीच्या मशीनवर काम करणारा कोणीही हेच करतो. आडवं पडल्याचा सेन्सर त्यावरच्या खुणेप्रमाणेच उभा बसवा. उलटा बसला तर गाडी पडली आहे असं समजून तो इंजिन चालूच होऊ देत नाही, आणि आपण दिवसभर पंप तपासत बसतो.

इंजिन सुरू झालं की हेडलाइट लावून, थोडी रेस देऊन बॅटरीवर मीटर धरा. १४ व्होल्टच्या आसपास हवेत. १३ च्या खाली राहिले तर आधी चार्जिंग बघा, मॅपिंगच्या (ईसीयूतल्या पेट्रोलच्या सेटिंगच्या) मागे लागू नका.

हल्ली पंपावर मिळतं ते ई-२०, म्हणजे २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, आणि टाकीच्या तळात पाणी साठलं तर ते थेट टाकीतल्या पंपात जातं. जूनच्या आधी टाकीच्या झाकणाखालचं पाणी जायचं भोक तारेने मोकळं करा. गाडी बरेच दिवस उभी ठेवणार असाल तर टाकी भरून ठेवा.

टाकीखालचा पेट्रोलचा कॉक गेला, म्हणजे रिझर्व्हही गेलं. पंप पेट्रोलात बुडालेला असतो तोवरच थंड राहतो, म्हणून काटा तळाला जाऊ देऊ नका. माझा हात मात्र सावंतवाडीच्या रस्त्यावर गाडी जरा अडखळली की अजून टाकीखाली कॉक शोधायला जातो.