सांगलीत स्लॅबवर सोलर बसवायचंय? आधी हे बघा

पहिलं वर्षभराची लाईट बिलं काढा नि महिन्याचे युनिट बघा, शेजाऱ्यानं ५ किलोवॅट घातलं म्हणून आपणपण घालायचं असलं काय करू नका. १ किलोवॅट दिवसाला साधारण ४ युनिट देतं, पावसाळ्यात कमी. केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेतनं ३ किलोवॅटला ७८,००० सबसिडी आहे पण ती सगळं बसवून झाल्यावर खात्यावर येते, तोवरचे पैसे हाताशी ठेवा, आणि पॅनल भारतात बनलेलेच घ्या नायतर सबसिडी विसरा. तोंड दक्षिणेला, टाकीची सावली नको. बॅटरी नसेल तर लाईट गेली की सोलरपण बंद, हे बरेच एजंट सांगतच नाहीत! ऊस सीझनला कारखान्याची काजळी पडते ती सकाळी काच गार असतानाच धुवायची.