क्रिएटिनिन नॉर्मल, मग काळजी कसली? मधुमेहींनी किडनीच्या तपासणीत टाळायच्या चुका

मधुमेह असलेल्या घरात किडनीची चौकशी बहुतेक वेळा एका वाक्यात आटोपते: ‘क्रिएटिनिन नॉर्मल आलंय.’ सर्वांत महागात पडणारी चूक हीच. क्रिएटिनिन म्हणजे स्नायूंतून रक्तात येणारा आणि किडनीने गाळून टाकायचा टाकाऊ पदार्थ. तो रेषेबाहेर जाईपर्यंत किडनीची बरीचशी ताकद गेलेली असू शकते. शिवाय हा आकडा शरीरातल्या स्नायूंवरही अवलंबून असतो. क्रिएटिनिन १.१ असेल, तर २५ वर्षांच्या पुरुषाचा ईजीएफआर (किडनीच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज) साधारण ९५ निघतो आणि सत्तरीतल्या आजींचा ५४. तीन महिन्यांहून जास्त काळ ६० च्या खाली म्हणजे किडनीचा जुनाट आजार. पण १.१ हा आकडा अनेक लॅबच्या रेंजमध्ये बसतो, रिपोर्टवर खूण येत नाही आणि फाइल कपाटात जाते. म्हणून क्रिएटिनिनशेजारी ईजीएफआर छापलाय का ते बघा. नसेल तर मागून घ्या.

त्याहूनही आधी इशारा देते ती लघवीची तपासणी, यूरिन एसीआर, म्हणजे लघवीतल्या अल्ब्युमिनचं क्रिएटिनिनशी गुणोत्तर. किडनीच्या गाळणीला इजा होऊ लागली की अल्ब्युमिन हे प्रथिन लघवीत झिरपतं. दर ग्रॅम क्रिएटिनिनमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल तर ठीक, ३० ते ३०० म्हणजे सावध व्हायची वेळ, त्यापुढे गंभीर. ही तपासणी फारशी महाग नाही, पण ‘किडनी प्रोफाइल’ नावाच्या पॅकेजात ती बऱ्याचदा नसतेच. पैसे भरण्याआधी यादी वाचा.

साध्या यूरिन रूटीनमध्ये ‘प्रोटीन निल’ आलं म्हणून निश्चिंत होऊ नका. त्यात लघवीत बुडवतात ती पट्टी सुरुवातीचं थोडं अल्ब्युमिन पकडत नाही. नुसतं ‘मायक्रोअल्ब्युमिन’ मोजून घेणंही अर्धवटच, कारण भरपूर पाणी प्यायलात की लघवी पातळ होते आणि आकडा खाली येतो. क्रिएटिनिनशी काढलेलं गुणोत्तरच हवं. लॅब बदललीत तर एककही तपासा: काही ठिकाणी मिलिग्रॅम प्रति मिलिमोल लिहितात आणि तिथे सावधगिरीची रेषा ३० नव्हे, ३ असते.

नमुना शक्यतो सकाळच्या पहिल्या लघवीचा द्या. ताप, लघवीचा संसर्ग, मासिक पाळी, आदल्या दिवशीचा दमवणारा व्यायाम, फार चढलेली साखर किंवा बीपी, यांतल्या कशानेही आकडा खोटा वाढतो. त्यामुळे एकाच रिपोर्टवरून घाबरूही नये आणि ‘मागच्या वेळी जरा जास्त होतं’ म्हणून सोडूनही देऊ नये. तीन ते सहा महिन्यांत तीनपैकी दोन नमुने वाढलेले आले, तर निदान पक्कं धरतात.

‘मला तर आत्ताच शुगर निघाली, किडनीचं पुढे बघू’ हेही चुकीचं. टाइप २ मधुमेह निदानाआधी कित्येक वर्षं अंगात असू शकतो, म्हणून पहिली तपासणी निदान होताच आणि मग दरवर्षी. टाइप १ मध्ये पाच वर्षांनंतर सुरू केली तरी चालते.

काही जणांची लघवी स्वच्छ असते, पण ईजीएफआर घसरत असतो. म्हणून दोन्ही तपासण्या एकत्र हव्यात. खूप कृश किंवा खूप पीळदार व्यक्तीत क्रिएटिनिनचा भरवसा वाटत नसेल, तर डॉक्टर सिस्टॅटिन सी ही रक्ताची दुसरी तपासणी सांगतात. थायरॉइडचा त्रास किंवा स्टेरॉइड चालू असेल तर आधी सांगा, त्याने हा आकडाही हलतो.

एनगॅल, किम-१ अशा किडनीची इजा दाखवणाऱ्या नव्या मार्करांवर संशोधन जोरात आहे. लघवीतल्या पेप्टाइडांवर (प्रथिनांच्या छोट्या तुकड्यांवर) आधारलेल्या सीकेडी२७३ या चाचणीने ‘प्रायॉरिटी’ अभ्यासात कोणाचं अल्ब्युमिन पुढे वाढेल याचा अंदाज चांगला दिला. पण अशा लोकांना स्पायरोनोलॅक्टोन हे औषध देऊन ती वाढ रोखता आली नाही. एसीआर वेळेवर न करता असल्या चाचण्यांवर खर्च करणं मला तरी पटत नाही.

आणि एक गफलत उपचार सुरू झाल्यावरची. मधुमेहात किडनी जपण्यासाठीही देतात ती डापाग्लिफ्लोझिनसारखी गोळी सुरू केली की पहिल्या काही आठवड्यांत ईजीएफआर थोडा उतरतो. हे अपेक्षितच असतं, तरी ‘गोळीने किडनी बिघडली’ म्हणून लोक ती परस्पर बंद करतात. घट ३० टक्क्यांच्या आत असेल तर सहसा गोळी चालू ठेवतात. त्याहून जास्त असेल, किंवा उलट्या-जुलाब होऊन अंगातलं पाणी कमी झालं असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.